आधी पोचणारी टोळी

वेंगुर्ल्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे सातबारे, दाखले आणि आधार कार्डं दिवसभर काचेवर पालथी घालायची, हे माझं काम. पूर्वी कुणी विचारलं, आणखी काय करतोस, तर मी हौसेने सांगायचो की रविवारी दुपारी मागच्या खोलीत आम्ही चौघं एक खेळ खेळतो. आता सांगत नाही. तो खेळ बंद पडला आणि तो मी बंद पाडला. एवढं कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

खेळ मी पुण्यात शिकलो, छापखान्यात नोकरीला होतो तेव्हा, खोलीतल्या पोरांकडून. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. कुणी तलवारबाज, कुणी जादूगार, कुणी वैद्य. एक जण कथा चालवतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. तो मी. मी सांगायचं की समोर गुहा आहे आणि आतून कसलातरी आवाज येतोय. बाकीच्यांनी सांगायचं, आम्ही अमुक करतो. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर फसलं. गावात मात्र बोभाटा झाला की झेरॉक्सवाला मागे जुगाराचा अड्डा चालवतो. शेजारचा किराणावाला एकदा येऊन तासभर बघत बसला आणि जाताना म्हणाला, "पैशेच लावूक नाय, मगे फासे कित्याक टाकतास?" बिचाऱ्याची खरोखर निराशा झाली होती.

खेळणारे तिघं. एक शाळेतल्या बाई, गणित शिकवणाऱ्या. एक काजूच्या कारखान्यातला सुपरवायझर, ज्याला पात्र रंगवण्यापेक्षा सोबतच्या भज्यांत जास्त रस. आणि तिसरा माझा मित्र. पहिलीपासून एका बाकावर बसलेला.

पहिलं वर्ष मी त्यांच्यापुढे राक्षस सोडले, भुतं सोडली, एकदा तर दलदलीतली मगर सोडली. कंटाळा यायला लागला. राक्षसाला मारलं की राक्षस संपतो, त्याच्याबद्दल घरी जाताना कुणी बोलत नाही. मला त्यांनी आठवडाभर चिडून राहावं असं काहीतरी हवं होतं. ते मला डबलबारीत सापडलं. आमच्याकडे भजनाच्या दोन मंडळींना एकाच मांडवात समोरासमोर बसवतात, आणि दोन बुवा आळीपाळीने गाऊन एकमेकांची रेवडी उडवतात. समोरचा बुवा कच्चा निघाला तर लोक अर्ध्यातून उठून जातात. म्हणून आणणारे बरोबरीचाच बुवा शोधून आणतात. मी म्हटलं, आपणही बरोबरीची टोळी आणू. तिघांसमोर तिघं. तेच काम, तीच वाट, तीच हाव, फक्त एक पाऊल पुढे.

ती टोळी मी फार मन लावून केली. एवढं मन लावून मी दुकानाचा बोर्डसुद्धा केलेला नाही. म्होरकी एक बाई होती, चाळिशीची, डावखुरी, लढाईच्या आधी केस घट्ट बांधणारी. तिच्यासोबत एक वैद्य, जो शत्रूलाही औषध द्यायचा, आणि एक वाटाड्या, ज्याला सगळ्या खाड्यांच्या भरती-ओहोटीच्या वेळा पाठ. त्यांना वाईट केलं असतं तर काम सोपं झालं असतं. मी त्यांना सभ्य केलं. माझे तिघं धापा टाकत एखाद्या किल्ल्यावर पोचायचे, तेव्हा तळघर आधीच उघडलेलं, पेटी रिकामी, चुलीतली राख अजून गरम, आणि मागून येणाऱ्यांसाठी पाण्याचं मडकं भरून ठेवलेलं. त्या मडक्याने माझा मित्र जेवढा भडकायचा तेवढा कशानेच नाही. "लाज नाय मरे ह्येंका! चोरी करतत आणि वर आमका पाणी ठेवतत!" असं म्हणून तो टेबलावर मूठ आपटायचा. बाई हसायच्या. मला आतून उकळ्या फुटायच्या. गेम मास्टरला याहून मोठी दाद नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. ही टोळी मी डबलबारीवरून केली, हे अर्धंच खरं आहे. माझा मित्र एका मेडिकलच्या दुकानात काउंटरवर उभा असायचा आणि सरकारी भरतीच्या परीक्षा द्यायचा. तीन वेळा त्याचं नाव प्रतीक्षा यादीत लागलं, आणि तिन्ही वेळा पहिलं. ज्याने हे भोगलं नाही त्याला वाटतं, वा, पहिला म्हणजे जवळजवळ झालंच की! जवळजवळ झालं म्हणजे झालं नाही. निवड यादीतला शेवटचा, म्हणजे त्याच्या लगेच वरचा माणूस प्रत्येक वेळी रुजू झाला. तिन्ही याद्या मीच त्याला दुकानात छापून दिल्या होत्या. तिसऱ्या वेळी त्याने वरच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हो कोण आसात रे? बरो माणूस आसतलो. हुशार आसतलो." आणि कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली. त्याच आठवड्यात मी ती टोळी लिहायला घेतली. मित्राच्या दुखण्यावर मी मजेशीर शत्रू उभा केला आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. ही लबाडी होती, याला दुसरं नाव नाही.

त्याला त्या टोळीला एकदा तरी हरवायचं होतं. एकदाच. तो तसं उघड म्हणायचा, आणि ते गमतीत नव्हतं. दर बुधवारी त्याचा फोन यायचा: ती खाडीवाटेन गेली तर किती वेळ लागतलो? वैद्याक घोडो आसा काय? खऱ्या आयुष्यात त्याला विचारायला कुणी नव्हतं की वरचा माणूस कुठल्या वाटेने गेला. इथे निदान मी होतो.

आणि त्याचा फाशावर विश्वास होता. त्यामागेही गोष्ट आहे, जी त्याने मला एकट्याला सांगितली होती. तो गुरवाच्या घरातला. गावच्या देवळात कौल लावायचा मान त्यांच्या घराकडे. कौल म्हणजे देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बारावीनंतर तो वडलांच्या हाताखाली हे शिकत होता. एकदा पालखी कुणाच्या दारी आधी थांबायची यावरून दोन घरांत जुंपली आणि कौल लावायचं ठरलं. लोक बाहेर सभामंडपात. आत फक्त बाप-लेक. डावी कळी पडली. वडलांनी अंगठ्याने पाणी लावून ती परत जागेवर चिकटवली, उजवी नखाने सैल करून पाडली, आणि बाहेर ओरडून सांगितलं, देवान उजवो दिलो. नंतर मुलाला म्हणाले, गावात डोकी फुटली असती, गावासाठी केलं. तो त्यानंतर कौलाला बसला नाही. बापाशी बोलायचा, पण जेवणखाणापुरतं. माझ्याकडे पहिल्यांदा तो वीस बाजूंचा फासा हातात घेऊन म्हणाला होता, "ह्येका कोणाचो अंगठो लागणा नाय." तेव्हा मी हसलो होतो.

शेवटचा रविवार. टोळी बंदराजवळच्या दीपगृहातली पेटी उचलायला निघाली होती. मित्राने तीन आठवडे डोकं खाजवून एक गोष्ट ओळखली होती. ते पाणी भरून ठेवतात आणि पाणी कधी शिळं नसतं, म्हणजे आपण किती मागे आहोत हे त्यांना माहीत असतं, म्हणजे कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे. हे मी लिहिलेलं नव्हतं, पण त्याने सांगितल्यावर ते खरंच असणार असं मलाही वाटलं. त्याने बाईंना आणि सुपरवायझरला रस्त्याने गाजावाजा करत पाठवलं आणि स्वतः भरतीबरोबर एका होडीतून मागच्या खडकांवर उतरला. आणि पहिल्यांदा, दीड वर्षात पहिल्यांदा, तो आधी पोचला. चूल थंड होती. पेटी बंद होती. तो खुर्चीत मागे टेकून बसला आणि म्हणाला, "आता येवंदेत." त्याचा चेहरा मी तसा शाळेतसुद्धा पाहिला नव्हता.

टोळी आली. झटापट झाली. त्याला अठरा पडले. म्होरकीच्या गळ्याला त्याची तलवार लागली आणि पेटी त्याच्या पायाखाली. निसटायला तिला एकच संधी होती, तिचा फासा मी टाकायचा. दहा किंवा वर पडले तर ती निसटेल, खाली पडले तर खेळ खलास. माझ्यासमोर लग्नपत्रिकांच्या खोक्याचा पुठ्ठा उभा केलेला असायचा, त्याच्या आडून मी फासा टाकला.

तीन पडले.

मी "सतरा" म्हटलं. विचार करून म्हटलं, चुकून तोंडातून गेलं वगैरे काही नाही. माझ्याकडे त्या म्होरकीची अकरा पानं लिहिलेली होती. तिची आई, तिचं गाव, पुढच्या पावसाळ्यात ती कुठे जाणार तेसुद्धा. ती माझी होती. तिला असं एका दुपारी, भज्यांच्या वासात, संपू द्यायला माझा जीव झाला नाही. मी सांगितलं, तिने त्याला ढकललं, पेटी उचलली आणि समुद्रात उडी घेतली. वर्णनही झकास केलं. बाई "अरे देवा!" म्हणाल्या.

मित्र पाणी प्यायला उठला. माठ माझ्या खुर्चीमागे होता आणि मी वर्णनाच्या नादात फासा उचलायला विसरलो होतो. त्याने पाणी घेतलं, प्यायला, भांडं उपडं ठेवलं, जागेवर येऊन बसला आणि उरलेला अर्धा तास मन लावून खेळला. बाई आणि सुपरवायझर गेल्यावर तो थांबला.

"तीन पडलेले," तो म्हणाला. "तू सतरा सांगलंस."

मी सारवासारव केली. "अरे, ती गेली तर पुढे रवता काय? खेळ चालू रवाक व्हयो मां. मी तुमच्यासाठीच केलंय."

"बापाशीन पण ह्याच सांगलेला. गावासाठी."

मग त्याने विचारलं, "ह्याच्या आदी?"

"नाय. देवाशपथ नाय."

गुरवाच्या पोराला मी देवाची शपथ घेऊन खोटं सांगितलं. त्याआधी चार वेळा मी आकडा फिरवला होता. दोनदा तर तो आधी पोचला असता. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याला चारही वेळा कळल्या असं मला दिसलं. चपला घालून तो गेला. दार त्याने हळूच लावलं, त्याला आदळायची सवय नव्हती. त्यापेक्षा त्याने माझ्या कानफटात मारली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बाईंनी मला सरळ विचारलं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढ्यावरून?" महिन्याभरात त्याही यायच्या बंद झाल्या. सुपरवायझरला कारखान्यात रविवारची पाळी लागली, असं तो म्हणतो. मला राग येतो. मित्राचा येतो, की एका आकड्यासाठी तीस वर्षं सोडलीस. आणि लगेच कळतं की एका आकड्यासाठी ती मीच सोडली, त्याने तर तो फक्त पाहिला. ती अकरा पानं मी कधी फाडली नाहीत. ती म्होरकी अजून जिवंत आहे, खणात, बिलबुकांखाली, कुणाच्याही आधी कुठेही पोचायला तयार.

परवा मित्र दुकानात आला. एसटी स्टँडजवळचं झेरॉक्स बंद होतं, वीज गेली होती त्या भागात, म्हणून आला. आणखी एक भरती निघाली आहे. वयाची अट बघता ही त्याची शेवटची. हातात मूळ कागदांची फाइल.

"याच्या दोन-दोन प्रती काढून द्या," तो म्हणाला, तहसीलदार कचेरीत बोलतात तसं.

मी विचारलं, "बरो आसंस मां? च्या घेतंस?"

"नको. गाडी आहे."

मी प्रती काढल्या. मार्कशीट, दाखला, जातीचं प्रमाणपत्र. कडा जुळवून, एकही काळी रेघ येऊ न देता, आयुष्यात काढल्या नसतील इतक्या नीट काढल्या आणि मूळ कागदांसकट त्याच्यासमोर ठेवल्या. त्याने त्या उचलल्या नाहीत. काउंटरवर मूळ कागद एका बाजूला आणि माझी प्रत दुसऱ्या बाजूला ठेवली, आणि बोट फिरवत एकेक आकडा ताडून बघायला लागला. जन्मतारीख. बैठक क्रमांक. गुण. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, गाडीची वेळ होत आली होती, आणि तो यंत्राने काढलेली प्रत तपासत होता. सगळं बरोबर होतं. शेवटच्या कागदापर्यंत गेला आणि मग त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.