नापास झाल्याचे खाजे

पाचवीच्या निकालानंतर मी गोव्यातल्या कारापूरला माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी गेले, ती भांडणाच्या तयारीनंच. पोर नापास झाली होती. आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही, हा कायदा बदलला. आता पाचवीत नापास झालं तर शाळेनं सुट्टीत दोन महिने जादा शिकवायचं, परत परीक्षा घ्यायची, तीही गेली तर पुन्हा पाचवी. आणि बाप आधीच बजावून बसलेला: नापास झाली की शाळा बंद, गावी आजीकडे काजू गोळा करायला.

बाप खाणीवर ट्रक चालवतो, मूळचा सावंतवाडीकडचा. मला बघून उठला आणि जत्रेतले खाजे पुढे केले. "बाई, तोंड गोड करा. आमच्या चेडवाक शाळेन निवडल्यान. फुकट ट्यूशन."

'सुट्टीत रोज शिकायला ये' एवढाच निरोप मी मुलीकडे दिला होता. पण आमच्याकडे शिकवणी लावतात ती पैसेवाल्यांची पोरं. मग फुकट जादा शिकवणं म्हणजे हुशारीचं बक्षीस, असंच त्या भल्या माणसाला वाटलं. मुलगी दाराआड मान खाली घालून उभी. तिला सगळं ठाऊक होतं, घरी निकाल तिनं सांगितलाच नव्हता. नापासाचा विषय मी काढलाच नाही. खाजे चावत बसले.

मग रोज सकाळी मी आणि ती, रिकाम्या वर्गात. वर्षभर शेवटच्या बाकावर गप्प बसलेली ही पोर महिन्याभरात धडा घडाघडा वाचायला लागली. माझा विश्वासच बसेना. डोकं होतं की तिला. समोर बसून शिकवणारं कुणी नव्हतं, एवढंच.

फेरपरीक्षेला फिरत फिरत तिच्या बाकाशी आले. पेपर कोरा.

"अगं, हे येतं ना तुला?"

"येता."

"मग लिहीत का नाहीस? गावी जायचंय का?"

तिनं वर बघितलं. "पास झालंय तर तुम्ही माझी ट्यूशन बंद करतलात."

डोळ्यांत टचकन पाणी आलं, रागही आला. कुणाचा, ते कळेना. कायद्यात पास झालेल्या पोरीसाठी जादा तास नव्हता. पुढे शिकवू का, हे मुख्याध्यापकांना मी विचारलंही नव्हतं.

"लिही," मी म्हटलं. "नाही बंद करणार."

तिनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि मग पेन उचललं.