कुंकवाच्या रंगाची भिंत

हाताचा पंजा भिंतीवर सपाट ठेवायची, दुसरा हात कमरेवर, आणि विचारायची, "सांग, भिंत कोणाची?" उत्तर कोणी देत नसे. समोरच्याने गप्प बसावं म्हणूनच तो प्रश्न असायचा.

मी तिला आक्का म्हणायचे. ती मला ताई. चेन्नईत आमच्या जिन्यावर समोरासमोरची दारं. ती तंजावरकडची, मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ हेलात बोलणारी. मी नवऱ्याच्या नोकरीपायी साताऱ्याहून आलेली. पहिल्यांदा तिच्या घरात गेले तेव्हा मी दारातच थबकले, खोटं कशाला सांगू. स्वयंपाकघर पोपटी, कपाटांची दारं वांग्याच्या रंगाची. आणि निजायच्या खोलीत भिंती साध्या, पण छत गडद मोरपंखी.

"छताला कोण रंग देतं, आक्का?"

"पडल्यावर माणूस काय बघतो, ताई? भिंत की छत?"

जन्मभर तिने एका सरकारी कचेरीत टायपिंग केलं. तिथल्या भिंती खाली चॉकलेटी, वर मळक्या पिवळ्या. "तिथलं सगळं सोसलं, तो पिवळा सोसला नाही," म्हणायची. घरी आली की चहाच्या आधी एखाद्या भिंतीसमोर उभी राहायची, जेवण झालेल्या माणसाने ढेकर द्यावा तसा सुस्कारा सोडायची.

तिचं बाहेरचं दार नारिंगी होतं. सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन आले. "मॅडम, सगळ्यांची दारं तपकिरी आहेत."

"सरी, बरं. मग तुम्हाला तुमचं दार सापडतं कसं?"

गृहस्थ गेले. पण त्यांचं दार आमच्या वरच्या मजल्यावर, आणि पुढे जेवण घेऊन येणाऱ्या पोरांना हेच गृहस्थ फोनवर सांगायचे, "नारिंगी दार लागेल, त्याच्या वर या." मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

तिचा नवरा गेला तेव्हाची गोष्ट सांगते. सांगताना आजही माझं डोकं तापतं. तंजावरहून तिची नणंद आली. सगळ्या बायकांसमोर तिने ओल्या फडक्याने आक्काचं कपाळ पुसलं, असं खसाखसा, ओट्यावर दूध सांडल्यासारखं. आक्का हलली नाही. मी म्हटलं, राहू द्या हो, आजकाल कोण करतं हे. तर नणंद मला म्हणाली, "तुम्ही बाहेरच्या." बाहेरची तर बाहेरची. त्या घरात माणूस आजारी असताना रात्रंदिवस ही बाहेरचीच होती.

कार्य उरकलं, पाहुणे गेले. आक्काने देवघरातल्या करंड्यातलं कुंकू कागदाच्या पुडीत बांधलं, मला बरोबर घेतलं आणि बसने आम्ही जॉर्ज टाउनला गेलो. तिथल्या रंगांच्या गल्लीत एका दुकानदारापुढे तिने पुडी उघडली. "हाच रंग. जरासुद्धा फिका नको." बिचारा चिमूट बोटावर घेऊन डब्यात काडी बुडवून ताडून बघत बसला, आणि ही पुन्हा पुन्हा मान हलवत, नाही, नाही, अजून.

पुढच्या खोलीत तो रंग लागला. एक अख्खी भिंत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. तिच्यासमोर पितळेची समई, बाकी काही नाही. वर्षश्राद्धाला नणंद आली आणि उंबऱ्यातच थिजली.

"हे काय केलंस?"

"कपाळावरचं तुम्ही पुसलंत, थोरल्या नणंद म्हणून मी गप्प बसले. आता भिंत पुसा."

नणंदेने तिकडे पाठ करून जेवण केलं. पण तिच्या पुढ्यात आरशाचं कपाट होतं. त्यात काय दिसत होतं ते तुम्हीच ओळखा.

आता मुलाचं. एकुलता एक, शहराच्या दुसऱ्या टोकाला शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत, तिथेच उंच इमारतीत राहतो. वाईट मुलगा नाही, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे. आक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. रंग तिला मळके दिसायला लागले होते. "ऑपरेशन झालं की भिंत पुन्हा बघते," एवढंच तिचं चाललेलं. मुलगा तिला आपल्याकडे घेऊन गेला, दोन्ही डोळे तिकडेच झाले. आणि इकडे रंगारी आले.

मी दार ठोठावून विचारलं, काय चाललंय. त्यांनी ऑफ-व्हाइटचा डबा दाखवला. मी मुलाला फोन लावला.

"काकी, सरप्राइज आहे. अम्माला सांगू नका. क्लासी दिसतं. आणि पुढेमागे भाड्याने द्यायला बरं."

"तिला दे फोन."

"डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघू नको म्हटलंय."

फोनवर बोलायला डोळे लागतात होय? पण फोन त्याच्या हातात, आई त्याच्या घरात. मी काय करणार होते? प्रेमाने केलं म्हणे. एवढं प्रेम होतं तर विचारायला तोंड शिवलं होतं का?

ती परतली. काळा चष्मा लावून दारात उभी राहिली. चष्मा काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "ताई, डोळे बिघडले गं. रंग दिसत नाही मला."

"डोळे चांगले आहेत, आक्का. भिंत गेली."

तिने पंजा भिंतीवर ठेवला. प्रश्न विचारला नाही.

थेंब घालायचे दिवस मीच सांभाळले. ते संपले तशी ती बाहेर पडली आणि डबा घेऊन आली. जॉर्ज टाउनच्याच दुकानदाराला आठवण होती, पुडी लागली नाही. स्टुलावर चढू नको असं मी बजावलं होतं. नाही चढली. जमिनीवर उभी राहून, हात पोचेल तिथवर रंग देत गेली. खाली कुंकू, वर ऑफ-व्हाइट. वरचं रंगाऱ्याला सांगू, म्हणाली.

त्याआधी रविवारी मुलगा आला. मी तिथेच होते, इडल्या घेऊन गेले होते. तो भिंतीकडे बघत राहिला.

"अम्मा, किती खर्च केलाय मी यावर."

आक्काने पंजा ठेवला, ओल्या रंगावरच. "सांग, भिंत कोणाची?"

तो म्हणाला, "अम्मा, घर माझ्या नावावर आहे."

इतक्या वर्षांत त्या प्रश्नाला पहिल्यांदा उत्तर मिळालं, आणि ते पोटच्या पोराने दिलं. बाप गेल्यावर तिनेच सह्या करून घर त्याच्या नावावर केलं होतं. माझ्या हातातला डबा मी असा आपटला की चटणी सांडली. आक्का मोरीकडे वळली. ब्रश धुतला, उन्हात ठेवला, आणि महिन्याच्या आत शोळिंगनल्लूरला राहायला गेली. मी भेटायला गेले तेव्हा पांढऱ्या खोलीत बसली होती, दोन्ही हात मांडीवर. मार्गळी महिन्यात, दारोदारचे कोलम, म्हणजे रांगोळ्या, मोठे होतात त्या दिवसांत, ती गेली. नणंद आली होती. मी तिच्याशी बोलले नाही, मुलाशीही नाही, आणि बोलणार नाही.

नारिंगी दार आता तपकिरी आहे. आत पुण्याकडचं तरुण जोडपं भाड्याने राहतं. परवा संध्याकाळी त्या मुलीने मला बोलावलं.

"काकू, ही भिंत बघा ना. दिवा लावला की अर्धी गुलाबी दिसते. मालकांनी पुन्हा पुन्हा रंग दिला म्हणे, तरी खालून येतोच. ओल असेल का?"

"ओल नाही, बाळा."

"मग?"

मी पंजा भिंतीवर सपाट ठेवला आणि हात वर वर नेला, टाचा उचलल्या. गुलाबी कडेला तरी चार बोटं कमीच पडले. आक्का माझ्याहून उंच होती.