भागूबाईंच्या माहेरचे झटके

काष्टीच्या भागूबाईंना १९९८ साली नात झाली, राजनंदिनी. तिसऱ्याच दिवशी तिला झटके येऊ लागले. हातपाय ताठ, ओठ निळे. सून सीमा घाबरून रडायला लागली. शेजारच्या रंगुबाई बिब्बा तापवून आल्या, बाळाच्या पोटावर डाग द्यायला.

भागूबाई दारात उभ्या राहिल्या. "न्हाई. हिच्या बापाला, माझ्या प्रवीणला, झटके आले तवा सासूनं असेच पाच डाग दिले. तवा मी गप बसले."

"अगं, पन बरा झालाच की तो!"

"मला बी तान्हेपनी असेच झटके यायचे. मला कुनी डागलं न्हाई, तरी बरी झाले. आता दवाखाना."

जीप करून सगळे नगरला गेले. डॉक्टर यशोधरा साळवे यांनी बाळाला दाखल करून औषध सुरू केलं. रक्त तपासलं, मेंदूचा आलेख काढला. काहीच वावगं निघेना. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं झालं होतं?"

भागूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कोल्हारच्या आपल्या माहेरची नऊ नावं त्यांनी सांगितली. कुणाचे झटके कितव्या आठवड्यात थांबले, तेही. "समदे धडधाकट हायेत. फक्त भीमाला विसाव्या वर्षी एकदा फिट आल्ती."

डॉक्टरांनी ती नावं कागदावर पिढीवार मांडली. "आजी, या आजाराचं जनुक याच वर्षी सापडलंय. मेंदूच्या पेशींना पोटॅशियम बाहेर सोडणारी बारीक दारं असतात. तुमच्या घराण्यात ती नीट उघडत नसावीत. खात्रीची तपासणी इथं होत नाही, पण तुमचं सांगणं जुळतंय."

"म्हंजे माझ्याकडूनच आलं."

"आलं असेल, पण त्यात दोष कुणाचा नाही. मोठेपणी लक्ष ठेवायचं, एवढंच."

पाचव्या आठवड्यात राजनंदिनीचे झटके थांबले. भागूबाईंनी डॉक्टरांकडून तो नावांचा कागद मागून घेतला, त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि कोल्हारला जाऊन घरोघर दिल्या. "बाळाला झटका आला की आधी दवाखाना. तिथं ह्यो कागद दाखवा. डाग कुनी द्यायचा न्हाई," असं प्रत्येक सुनेला बजावलं.

पुढच्या वर्षी त्यांच्या भावाचा, सहादेवचा, फोन आला. नातवाला चौथ्या दिवशी झटके आले होते. तासाभरात त्याला दवाखान्यात नेलं होतं.

"कागद दाखवला का?"

"व्हय. डॉक्टर म्हनले, बरं केलं."

"मग थांबंल. नाव काय ठेवताय पोराचं?"