पेज पिणारं लुगडं

"माझी पेज कुठं गेली?"

"लुगड्यानं प्याली."

"आन मी काय पिऊ?"

"पानी प्या. पान्याला कोन नाय म्हनलंय?"

हे भांडण कुडापलीकडून ऐकू आलं तेव्हा सरू तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप हळूच खाली ठेवलं आणि कुडाला कान लावला. पलीकडं तिचा धाकटा दीर काळुराम आणि त्याची बायको हौसा राहायची. सासरा गेल्यावर एका घराची दोन घरं झाली होती, आणि मध्ये उभा होता तो कारवीचा, शेणानं लिंपलेला कूड. त्यातून शिंक गेली तरी पलीकडचं माणूस 'सत्य' म्हणायचं. काळुराम मिठागरातून उन्हानं करपून आला होता. भाताची पेज त्यानं मीठ टाकून घटाघटा प्यायची, तर बायकोनं ती लुगड्याला खळ म्हणून वापरून टाकली होती.

"अगो, मानूस मोठा का लुगडं मोठं?"

"मानूस घरात बसतो. लुगडं चार लोकांत जातं."

आता वाजणार, म्हणून सरू अगदी सरसावून बसली. पण पलीकडं काळुराम खो खो हसला. हौसाही हसली. सरूनं कुडाचा कान काढला आणि सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. तिच्या घरातलं भांडण कधी हसण्यावर संपायचं नाही. ते जेवणावर संपायचं, तेही न बोलता.

जोहे गावात तेव्हा सरूसारखी सुखाची बाई शोधून सापडली नसती. नवरा महिपती रोह्याच्या कंपनीत, शिफ्टची नोकरी, महिना भरला की पगार. सरूच्या पत्र्याच्या पेटीत पेणच्या बाजारपेठेतनं घेतलेली लुगडी एकावर एक, डांबराच्या गोळ्यांत झोपलेली. आणि हौसाकडं? एक अंगावर, एक दोरीवर. पण हळदीकुंकवाला दोघी जावा निघाल्या की बायका सरूला म्हणायच्या, "ये गो, बस." आणि हौसाला म्हणायच्या, "अगो बाय, कुठनं घेतलंस हे?"

हौसा करायची काय, ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच होतं. लुगडं तळ्यावर धुवायची, पेजेत बुडवायची, सावलीत वाळवायची, घडी मोडून घडी घालायची आणि जात्याच्या दगडाखाली दाबून ठेवायची. सकाळी काढलं की घडी सुरीच्या पात्यासारखी. हंगामात गणपतीच्या कारखान्यात शाडूची माती तुडवायला जायची ती कमरेला गोणपाट बांधून. संध्याकाळी गोणपाट सोडलं की बाई लग्नाहून आल्यासारखी. बाकीच्या बायका मातीच्या झालेल्या असायच्या. हिच्या कानामागं अबोलीचं एक फूल. एकच, दोन नाही. सरूनं एकदा अख्खा गजरा माळला, तर महिपती म्हणाला, "कुनाचं लगीन हाय?"

कापडाचीही तीच गत. रोह्याला दत्तात्रेय शिंप्याचं दुकान होतं. त्याच्याकडची काजं-बटणं हौसा घरी आणून करायची आणि गाठोडं पोचवायला एस्टीनं जायची. मजुरीवर तो तिला कातरण द्यायचा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या कापडातून उरलेले तुकडे. एकदा तिला पोलक्यापुरता हिरवा तुकडा मिळाला, पण बाह्यांना कमी पडला. तिनं बाह्या केल्या लाल, दुसऱ्या तुकड्याच्या, आणि गळ्याला तशीच लाल बारीक गोट मारली. ते अंगावर असं दिसायला लागलं की गावातल्या चार पोरींनी आयांकडं हट्ट धरला. सरूनं पेणला जाऊन अख्खा हिरवा खण घेतला, अख्खा लाल खण घेतला, दोन्ही कापायला लावले आणि तसलंच पोलकं घालून आली.

तळ्यावर म्हातारी काशीबाई म्हणाली, "हौसासारखं केलंस व्हय गो?"

त्या दिवशी सरूनं धुणं असं आपटलं की महिपतीच्या सदऱ्याचं बटण तळ्यात गेलं.

मग आलं ते पट्टीचं लुगडं. नऊवारी लुगडं बसायच्या जागी विरतं, हे काय सांगायला हवं. मग गरिबाघरी विरलेला भाग कापून टाकतात आणि उरलेली दोन चांगली टोकं जोडतात. त्या जोडाला दांड म्हणायचं. दांड लपवायचा, निऱ्यांत, कासोट्यात, कुठंही. हौसाचं जांभळं लुगडं विरलं तेव्हा तिनंही दांड घातला, पण लपवायला तिला जागाच उरली नाही, लुगडं आखूड झालं होतं. तेव्हा तिनं कातरणातली पिवळी पट्टी काढली आणि जोडावर उभी अशी शिवली की चालताना मांडीवर सोनचाफ्याची ओळ पडल्यासारखी वाटावी.

सरूनं दांड पाहिला नव्हता असं नाही. तिच्या आईच्या प्रत्येक लुगड्याला दांड होता. पण तो कसा, जाड, गुपचूप, चोरासारखा. लपवायची वस्तू कुणी अशी मिरवेल, हे तिच्या डोक्यात शिरेना. तळ्यावर सगळ्यांच्या देखत तिनं विचारलं, "हौसा, ही पट्टी कसली गो?"

हौसानं एकदा सगळ्या बायकांकडं पाहिलं. मान ताठ केली. "पेनला नवी फॅशन आलीय, जाऊबाई. मध्ये पट्टी लावतात."

बाई, अभिमानाची जीभ अशी घसरते.

त्याच महिन्यात सरूच्या लेकीचं, रंभाचं लग्न जमलं. स्थळ रोह्याचं, घर पक्क्या विटांचं, मुलगा शिकलेला. मुलाची आई बायजाबाई मात्र नजरेनं तांदळातला खडा वेचणारी. साखरपुडा जोह्याला सरूच्या घरी ठरला. सरूनं ठरवलं, गावच्या बायका या दिवशी आपल्याकडं बघतील आणि हौसाकडं पाठ करतील. तिनं पेणला जाऊन भारीतलं इरकल लुगडं घेतलं आणि एस्टीनं थेट दत्तात्रेय शिंप्याच्या दुकानात जाऊन पुढ्यात टाकलं.

"मधोमध कापा आन पट्टी लावा. जरीची."

शिंप्यानं लुगड्यावर हात फिरवला. "काकी, कोरं हाय. कोऱ्याला कोन कात्री लावतं?"

"फॅशन हाय."

"कुठली?"

"पेनची. तुमी रोह्यात बसून तुमाला काय कळनार?"

शिंप्यानं तोंड उघडलं. मग काहीतरी त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यानं ते मिटलं. खरं बोलावं तर हौसाचं झाकलेलं उघडं पडतं, आणि ती आपल्याकडची कामाची बाई. त्यानं देवाचं नाव घेतलं आणि कात्री चालवली. त्या कापण्याच्या आवाजानं सरूचे दात आंबले, पण ती मागं हटली नाही.

साखरपुड्याच्या दिवशी हौसा पहाटेपासून सरूच्या चुलीपाशी होती. अंगावर तेच जांभळं, पट्टीचं. पोहे परतायला तीच, नारळ खवायला तीच. सरू आतल्या खोलीतून नटून बाहेर आली, जरीची पट्टी मांडीवर लखलखत. हौसानं वर पाहिलं आणि तिच्या हातातला कालथा तसाच राहिला. 

सरूनं ते पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून असा गोड क्षण तिच्या वाट्याला आला नव्हता.

हौसा जवळ आली. हळूच म्हणाली, "जाऊबाई, लुगडं बदला."

"का गो?"

"बदला म्हनते ना. मागनं सांगते."

"तुझ्याहून उजवं दिसतंय म्हनून?"

"तसं नाय वो..."

"जळ गो, जळ. मीबी लय वर्षं जळले," सरू म्हणाली. तेवढ्यात अंगणातून हाळी आली, पाहुणे आले.

पाहुण्या बायका सतरंजीवर बसल्या. सरूनं सगळ्यांना हळदकुंकू लावलं आणि बायजाबाईसमोर बसली. बायजाबाईनं सवयीनं तिच्या पदरावर नजर फिरवली, मग काठावर, मग मांडीवर. हात पुढं केला आणि पट्टी अंगठ्यानं दाबली. आतली शिवण तिच्या बोटाला लागली.

"विहीणबाई," ती म्हणाली, "तुमचे मालक कंपनीत हायेत ना?"

"हायेत तर."

"मग पोरीच्या साखरपुड्याला दांडाचं लुगडं कसं वो नेसलात?"

दारामागून रंभाच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. सरूला पट्टी दिसली, बायजाबाईचा अंगठा दिसला, आणि तिची आई दिसली, दारात बसून लुगडं जोडणारी. एवढ्या वेळात पहिल्यांदा तिला कळलं की तिनं पेटीतल्या पैशानं आपल्या आईची गरिबी विकत आणलीय. 

बायजाबाईनं रंभाच्या तोंडात घालायच्या साखरेची वाटी आपल्याकडं ओढून घेतली. "आमाला एक सांगितलं, हितं दुसरंच. जुनं झाकून बसनाऱ्या घरात अजून काय काय झाकलं आसंल, कोन जाने."

"बाई, दांड हिकडं हाय."

चुलीकडून हौसा आली होती. हात पदराला पुसलेले, अबोलीचं फूल जागच्या जागी. ती पाहुण्यांच्या मधोमध उभी राहिली, उजेडाकडं वळली, खाली वाकून आपल्या पिवळ्या पट्टीचा टाका नखानं तोडला आणि पट्टी टर्रकन् ओढली. खाली दोन कापलेल्या कडा, एकीवर एक चढलेल्या, दोरे लोंबणाऱ्या.

"हा माझा दांड. नीट बघून घ्या." तिनं सगळ्यांना बघू दिलं. तळ्यावरच्या त्या सगळ्या बायका तिथंच होत्या. "माझ्याकडं धड लुगडं नाय. जाऊबाई म्हनल्या, माझ्या रंभाच्या साखरपुड्यात तू एकटी दांडाची दिसायची नायस. म्हनून त्यांनी कोऱ्या लुगड्याला कात्री लावली, माझ्या जोडीला. नाय पटत? हात लावून बघा. पान्याचा थेंबबी लागला नाय त्याला."

बायजाबाईनं सरूचा पदर चिमटीत धरला, चोळला, नाकाशी नेला. दुकानाचा वास होता. एकेक घडी अजून उभी होती. मग वाटी परत मध्ये सरकवली.

"कोरं हाय," ती म्हणाली. "अशी जाऊ मिळायला नशीब लागतं गो, पोरी." हे ती हौसाला म्हणाली, पण बघत होती सरूकडं, डोळे भरून. मग सगळ्याच बायका सरूकडं तसं बघायला लागल्या. काशीबाईनं तर कडाकडा बोटं मोडली.

आयुष्यभर सरूला हवं होतं ते सगळं एका दमात मिळालं. आणि ते सगळं हौसानं दिलेलं होतं. सरूनं मान वर करून पाहिलं. हौसा उघडा दांड घेऊन परत चुलीकडं चालली होती, पाठ ताठ, पिवळी पट्टी मागं लोंबतेय, आणि तिच्या निऱ्या? एकही विस्कटली नव्हती. उघडं पडतानाही बाई नटूनच पडली, असं सरूच्या मनात आलं, आणि ती पुन्हा जळली.

रंभा रोह्याला सुखानं नांदली. जरीच्या पट्टीचं इरकल पेटीच्या तळाला गेलं, पुन्हा बाहेर आलं नाही. हौसानं त्याबद्दल कधी विचारलं नाही, सरूनं कधी सांगितलं नाही. फक्त एक झालं. सरू रोज सकाळी पेजेचं भांडं हौसाच्या पायरीवर नेऊन ठेवायला लागली. काळुरामाची पेज काळुरामाला, लुगड्याची लुगड्याला. सुरुवातीला ती त्यात गुपचूप पाणी घालायची, खळ नीट बसू नये म्हणून. पण हौसाच्या घड्या तशाच उभ्या राहिल्या, तेव्हा कंटाळून पाणी घालायचं सोडून दिलं.

काळुराम गेला, महिपती निवृत्त झाला, पाठोपाठ तोही गेला. कूड पाडून विटांची भिंत झाली, तरी पेजेचं भांडं चालूच राहिलं. रोह्याची गाडी सुरू झाल्यावर हौसा जिते गावच्या स्टेशनापर्यंत चालत जायची. डोळे मंद झाले, तरी दत्तात्रेय शिंप्याच्या मुलाकडची काजं तिनं सोडली नाहीत. निघताना सरूच्या दारात थांबायची.

"जाऊबाई, रोह्याहून काय आनू?"

"काय नको. तूच परत ये म्हंजे झालं."

ती हौसाची शेवटची फेरी, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. सकाळी पायरीवरचं भांडं तिनं उचललं, आदल्या दिवशी खळ दिलेलं लुगडं जात्याखालून काढलं आणि गाठोडं काखेत मारून निघाली. दारात थांबली. विचारलं. सरूनं तेच सांगितलं. रोह्याला तिनं काजांचं गाठोडं दिलं, रंभाला अळूच्या वड्या दिल्या, कातरण निवडलं आणि दुपारच्या गाडीनं परत आली.

सरू खिडकीशी बसली होती. हौसा ऊन तुडवत येताना दिसली तसा तिनं चष्मा पुसला. हौसानं आधी घरातनं सकाळचं पेजेचं भांडं धुऊन आणलं, ते सरूच्या पायरीवर पालथं घातलं, आणि भांड्यावर कातरणातल्या हिरवट पट्टीचा एक तुकडा ठेवला, नेहमीसारखा.

सरूनं पट्टीकडं नंतर पाहिलं. आधी तिनं हौसाच्या निऱ्या वरपासून खालपर्यंत नीट तपासल्या. जित्याहून एवढं चालून आली होती म्हातारी. एक सुरकुती असती तर सापडली असती.

"नाय पडली ना मेली एक," ती खिडकीतल्या खिडकीत पुटपुटली, आणि उद्याचे तांदूळ निवडायला सूप पुढं ओढलं.