पाजणारीची पाटी

बहात्तरचा दुष्काळ सरून मिरची जोरात आली होती. डोंगरकड्याकडचं ते हिवाळी ऊन, लालेलाल वावर, बांधावरच्या लिंबाला बांधलेल्या झोळ्या आठवल्या, की आजही डोळे जड होतात.

माझं पहिलं पोरगं अंगावर पीत होतं. दुपारी मिरची तोडता तोडता उठले, राखेनं हात घासले, धुतले अन् घेतलं त्याला पदराखाली. मिरचीची आग अशी जाते होय? पण मला कुठली अक्कल! लेकरानं असा टाहो फोडला, की अख्खं वावर थबकलं. त्याचं तोंड पुसलं, माझी छाती तेल लावून पुन्हा पुन्हा धुतली. पण त्यानं धसकाच घेतला. दुसऱ्या दिवशी मी मिरचीला शिवलेसुद्धा नाही, तरी जवळ घेतलं की मान फिरवायचं. इकडं छाती ठणकत होती, तिकडं लेकरू भुकेनं मलूल. हे हातचं जातंय की काय, असं वाटायला लागलं.

बांधावर एक मेंढरंवालीण तिचं तान्हं घेऊन बसायची. "दे इकडं," ती म्हणाली. मी कचरले. आमचं घर बौद्धवाड्यातलं, तिचं गावातलं. ती भडकलीच.

"काहून बघून राहिली? लेकरू उपाशी, अन् तुला गाव सुचून राहिलं व्हय?"

माझं तिनं पदराखाली घेतलं, तिचं माझ्या मांडीवर टाकलं. "ओढू दे माझ्या ढोल्याला. दूध आटाया न्हाई पाहिजे."

तोवर बायांनी आपापल्या पाटीतली ओंजळ-ओंजळ मिरची माझ्या पाटीत टाकली. मुकादम कुरकुरला, तर एक म्हातारी कडाडली, "तू काय मिरच्या खाऊन वाढला का रे?" त्यानं माझी पाटी मोजून घेतली. तेव्हापासून तिथं रिवाजच पडला. पाजणारीनं मिरचीला हात लावायचा नाही, तिची पाटी बाकीच्यांनी भरायची. माझ्या सुनेचीही तशीच भरली.

पण ते नंतरचं. तेव्हा रोज मी ढोल्याला पाजायची अन् माझं तिच्याजवळ पिताना बघायची. बरं वाटायचं, अन् जळायचंही.

एका दुपारी झाडाला टेकून माझा डोळा लागला. झोपेतच कुणीतरी पीत असल्याचं जाणवलं. ढोल्या असेल, म्हणून मी तशीच पडून राहिले. मग मेंढरंवालीण हसल्याचं ऐकू आलं. डोळे उघडले तर ढोल्या तिच्या खांद्यावर, अन् माझ्या छातीला माझंच पोरगं.

ते दचकू नये म्हणून मी पदराचा बोळा तोंडात कोंबला, अन् रडले.