ओव्याची धुरी
ओवा भाजला की मला लेकीच्या सासरची ती बंद खोली आठवते. शांती नगरातला फ्लॅट, लेक बाळंतीण, आणि नातवाची छाती जन्मापासून घुरघुरणारी. फुप्फुसं नाजूक आहेत, धूर नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी तिच्या सासूने दार-खिडक्या लावून शेगडीत ओवा आणि लसणीची सालं टाकली. "धुरीशिवाय बाळाचं अंग कसं भरेल? आमची सगळी यावरच वाढली." खोली धुराने भरली, पोराच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. लेक नुसती माझ्याकडे बघत होती. मी पडले मुलीची आई, त्या घरात माझं कोण ऐकणार? तरी म्हटलं, "जरा खिडकी उघडू का?" "वारा लागेल त्याला, विहीणबाई. बसा तुम्ही." मी बसले. मग पोराचं रडणं बारीक होत गेलं, तशी उठले आणि पाण्याचा तांब्या शेगडीत ओतला. निखारे फसकन विझले. "अहो, हे काय केलंत?" "हात लागला," म्हटलं आणि पोराला उचलून बाहेर गॅलरीत नेलं. नातू आता माझ्या खांद्याला लागतो, थंडीत अजून दम्याचा पंप ओढतो. विहीणबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत.