सावित्रीच्या पलीकडच्या काठावर

वरंध घाटाच्या माथ्यावर पोचलो तेव्हा खाली कोकणात धुकं साचलं होतं. निघताना मुलीने बजावलं होतं, "आई, बाबांना नदीत उतरू देऊ नकोस." गेल्या वर्षी शरदला, माझ्या नवऱ्याला, अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं सुधारलं, डावा पाय अजून ओढावा लागतो. एके काळी पावसाळ्यातल्या नद्या पोहून जाणारा हा माणूस आता घराचा उंबरठाही माझ्या हाताशिवाय ओलांडत नव्हता. सावित्री नदी बघायचा हट्ट मात्र त्याचाच.

महाडला मुक्काम करून सकाळी पोलादपूरहून नदीच्या कडेकडेने वर निघालो. महाबळेश्वरच्या डोंगरात जन्मायचं आणि दम घेण्याआधीच समुद्राला मिळायचं, एवढीशी ही नदी. पण तिचं खोरं! ऐन, किंजळ, जांभळीची झाडी इतकी दाट की पाणी आधी ऐकू येतं, दिसतं मागाहून.

एका वळणावर मी गाडी थांबवली. मी डिकीतून चटई काढत होते. वळून बघते तो शरद जागेवर नाही! काठी टेकत तो उतार उतरून थेट पाण्यात शिरला होता. पाणी गुडघाभरच, पण मधोमध शेवाळलेल्या दगडांत तो अडकला. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. त्याची काठी थरथरताना मला वरून दिसत होती.

"हलू नकोस!" ओरडत मी चपला हातात घेऊन धावले.

माझ्याआधी एक बाई तिथे पोचली. पन्नाशीची असेल. डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन ती नदी ओलांडत होती. त्याला न धरता ती शेजारी उभी राहिली.

"भाऊ, जरा माझ्या खांद्याला हात द्या," ती म्हणाली. "मोळी जड हाय, तोल जातोय माझा."

शरदने मोकळा हात तिच्या खांद्यावर ठेवला. दोघं इंचाइंचाने सरकू लागली. "सावकाश," तोच तिला सांगत होता, "तो दगड निसरडा आहे." बघता बघता दोघं पलीकडच्या काठाला लागली. मी मात्र पाण्यात, हातात चपला घेऊन उभी.

"ताई, आता तुमी पन या गो!" बाई हसत ओरडली.

कमळताई तिचं नाव. घर जवळच, आंब्याखाली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, अंगण सारवलेलं. नको नको म्हणताना तिने नाचणीच्या भाकऱ्या थापल्या, सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) कांद्यावर परतली, वर कोरा चहा दिला. शरद पोटभर जेवला, मग जरा संकोचून त्याने विचारलं, "खरंच पडली असती का हो मोळी?"

"मोळी कशाला पडतेय?" ती म्हणाली. "तुमी पडला असता!"

मला वाटलं, त्याला हे लागेल. पण शरद हसू लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. झटक्यानंतर त्याला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

परतताना कमळताईने आम्हाला साकवापर्यंत (ओढ्यानदीवरचा छोटा पूल) सोडलं. मी तिचे हात हातात घेतले. "आता उन्हं व्हायच्या आत निघा," एवढंच ती म्हणाली.

दुपारी दासगावला गेलो. वर गुडघाभर असलेली तीच नदी इथे चांगलीच रुंद, आणि भरतीचं पाणी उलटं महाडकडे चढत होतं. बंदरावर एक म्हातारे चाचा गळ टाकून बसले होते. आयुष्यभर कुवेतला ट्रेलर चालवून परतलेले. "तिकडं समुंदर होता," ते म्हणाले, "पन नदी नव्हती. म्हणून रोज येतंय हितं."

शरद त्यांच्याशेजारी बसला. मासा एकही लागला नाही. उठायची घाई दोघांनाही नव्हती.

परतीच्या वाटेवर घाटात शरदने गाडी थांबवायला सांगितली. दार उघडून तो एकटाच काठी टेकत कठड्याकडे निघाला. माझा हात दाराच्या कडीवर गेला होता. तो मी मागे घेतला. वर्षभर त्याला पडू न देण्याच्या धास्तीत मी त्याला चालूही दिलं नव्हतं, हे मला त्या खोऱ्यात एका परक्या बाईने काही न शिकवता दाखवलं होतं. तिचे उपकार कसे फेडायचे ते मला ठाऊक नाही.

कठड्याशी उभा राहून तो बराच वेळ खाली कोकणात बघत होता. मी गाडीत बसून त्याच्याकडे बघत राहिले.